तिजोरीखालचे चार खळगे

जुलैतला सोमवार होता. दिवसभर पावसाची झड लागलेली. संध्याकाळी बेळगावातल्या शहापूरच्या काकूंचा फोन आला. मी घरोघरी जाऊन सोफे, गाद्या आणि गालिचे धुण्याचं काम करतो. काकूंच्या घरी याआधी दोनदा जाणं झालं होतं, त्यामुळं नमस्कार-चमत्कारात वेळ गेला नाही.

"अरे, येत्या रविवारी घरातच साखरपुडा आहे. बसायला जागा व्हावी म्हणून तिजोरी हलवली, तर काकांच्या गालिच्याला चार खड्डे पडलेत. बोट घातलं तर नख बुडतंय बघ. तू ये की एकदा."

आमच्याकडं लोखंडी कपाटाला तिजोरीच म्हणतात. ही तिजोरी अकरा वर्षं एका जागी उभी होती. काका मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. उत्तर प्रदेशात नेमणूक असताना त्यांनी भदोहीहून हा गालिचा आणला, 1987 साली. सहा फूट रुंद, नऊ फूट लांब. मधला भाग गर्द तांबडा, कडेचा पट्टा सायीच्या रंगाचा. काका जाऊन आता सहा वर्षं झाली. नवऱ्या मुलाकडची माणसं याच गालिच्यावर बसावीत, ही काकूंची इच्छा होती. नवा आणू, असं घरात कुणी म्हणालंही असेल. काकूंनी ते माझ्या कानावर घातलं नाही आणि मीही विचारलं नाही.

हे प्रकरण लिहून ठेवतोय त्याला कारण आहे. चार खळगे एकाच तिजोरीचे, एकाच गालिच्यावरचे, एकाच दिवशी उघडे पडलेले. तरी चारही सारखे वागले नाहीत. बाहेरच्या खोलीतल्या दुसऱ्या गालिच्याची तर तऱ्हाच निराळी होती. खळग्यावर बर्फ ठेवा म्हणजे काम झालं, असं जो तो सांगतो. बर्फ कुठं चालतो, कुठं चालत नाही आणि का, ते या एका घरात चार दिवसांत समोर आलं.

मंगळवारी सकाळी गेलो. पाणी, बर्फ, इस्त्री यातलं काहीही काढण्याआधी गालिच्याचा कोपरा उलटून पाहिला. पाठीमागं एकेक गाठ मोजता येत होती. वरची नक्षी पाठीवरही जशीच्या तशी उमटलेली. याचा अर्थ गालिचा हातानं गाठी मारून विणलेला. पाठीला कापड चिकटवलेलं असतं तर तो डिंकावर उभा राहिलेला टफ्टेड गालिचा ठरला असता. त्याला इतकं पाणी आणि इतकी वाफ देण्याचं धाडस मी केलं नसतं, कारण ओलाव्यानं आणि उष्णतेनं तो डिंक सुटतो.

आता धागा कसला? काकू म्हणाल्या, लोकरीचा. पण विकणारा लोकर सांगतो आणि निघतं दुसरंच, असंही होतं. शेजारचे आजोबा ओसरीवरून बघत होते. ते जुने विणकर. शहापूर, वडगाव, खासबाग या भागात घरोघर माग होते त्या काळातले. मी कडेचा एक सुटा धागा कात्रीनं कापत होतो, तेवढ्यात ते आत आले आणि म्हणाले, "दे इकडं. काडी आहे का?"

त्यांनी धागा चिमट्यात धरला आणि काडी पेटवून जवळ नेली. धागा आक्रसला, तडतडला. काडी बाजूला घेताच आपोआप विझला. जळक्या केसांचा वास सुटला. आजोबांनी टोकावरची काळी राख दोन बोटांत धरली, तर तिची पूड झाली. "लोकर. खरी," एवढंच म्हणून ते परत ओसरीवर जाऊन बसले. तोच धागा सुती असता तर कागदासारखा जळत गेला असता. प्लास्टिकचा असता तर वितळून त्याचा टणक मणी झाला असता.

लोकर निघाली याचा मला मनापासून आनंद झाला. लोकर म्हणजे मेंढीचे केस, आणि केसांचं वागणं आपल्याला घरचंच आहे. ओले केस बांधून झोपलं की सकाळी वळ पडलेला असतो. कोरडा कंगवा कितीही फिरवा, तो जात नाही. पाण्याचा हात फिरवून विंचरलं की जातो. लोकरीचंही तेच. धाग्याच्या आत बारीक बंध असतात. ओलावा आणि ऊब मिळाली की ते सैल होतात, आणि धागा ज्या आकारात वाळेल त्या आकारात पुन्हा घट्ट होतात. तिजोरीखाली अकरा पावसाळे लोकर दमट झाली आणि दाबाखालीच वाळली. दरवेळी वळ जास्त पक्का होत गेला. तो सोडवायचा तर तिला पुन्हा ओलावा द्यायचा आणि या खेपेला उभी असताना वाळवायची. सगळा उपाय एवढाच आहे. बर्फ, वाफ, पाण्याचा फवारा या ओलावा पोचवण्याच्या तीन वाटा. बर्फाच्या थंडपणाचा त्यात काही संबंध नाही. बर्फ हळूहळू विरघळतो आणि पाणी थेंबाथेंबानं धाग्यात जिरतं, त्याचा उपयोग तेवढाच.

दाब किती होता याचा हिशोब वहीत मांडला. साड्या, भांडी, कागदपत्रं धरून भरलेली तिजोरी 160 किलोची धरली. पायाचा तळ 4 सेंटीमीटर बाय 4 सेंटीमीटर, म्हणजे 16 चौरस सेंटीमीटर. चार पाय मिळून 64. दर चौरस सेंटीमीटरवर अडीच किलो. साठ किलोचा माणूस दोन्ही तळपायांवर उभा राहिला तर तोच आकडा साधारण 0.2 येतो. म्हणजे माणसाच्या बारापट भार, तोही रात्रंदिवस, अकरा वर्षं.

मग खळगे मोजले. दाभण लवेत, म्हणजे गालिच्याच्या उभ्या धाग्यांत, सरळ रोवायचं, तळच्या विणीला टेकलं की लवेच्या माथ्याशी नखानं धरायचं आणि बाहेर काढून पट्टीवर ठेवायचं. चांगल्या भागात लव 11 मिलिमीटर उंच भरली. दारापासच्या दोन खळग्यांत 4 मिलिमीटर, खिडकीकडच्या तिसऱ्यात 4, आणि भिंतीच्या कोपऱ्यातल्या चौथ्यात 3. हा चौथा मला तेव्हाच खटकला होता. पण तिजोरी मागं जरा कललेली असेल, तिकडं भार जास्त पडला असेल, अशी मी मनाची समजूत घातली. तिथंच टॉर्च मारून नीट बघायला हवं होतं.

तिसऱ्या खळग्यात तांबूस-पिवळा चौकोन दिसत होता. त्या पायाची रबरी टोपी केव्हातरी निघून गेली होती आणि उघडं लोखंड दमट लवेवर गंजत बसलं होतं. अशा ठिकाणी बर्फ ठेवला तर गंज पाण्याबरोबर पसरतो. त्यामुळं हा खळगा सगळ्यात शेवटी घ्यायचं ठरवलं.

आणखी एक तपासणी राहिली होती. पांढरं सुती फडकं ओलं करून तांबड्या भागावर दहा मिनिटं दाबून ठेवलं. उचललं तर त्यावर अगदी फिकट गुलाबी झाक. रंग पक्का होता, पण दगडासारखा नाही. शेजारी सायीचा पट्टा आहे हे लक्षात ठेवून पाणी मोजूनच द्यायचं ठरलं.

पहिले दोन

संध्याकाळी काकूंनी फ्रीजमधला बर्फाचा ट्रे आणून दिला. दारापासच्या दोन्ही खळग्यांत दोन-दोन खडे ठेवले. दोन खड्यांचं पाणी अंदाजे 30 मिली होतं. एवढ्याशा जागेला तेवढं पुरतं. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात घेते आणि तरी हाताला ओलीचिंब लागत नाही. गालिच्याखाली जुन्या टॉवेलची घडी सरकवली. जास्तीचं पाणी फरशीवर साचून राहिलं असतं तर पाठीच्या सुती धाग्यांना बुरशी धरली असती. कपाशीचा धागा कुजतो आणि त्याच धाग्यांवर सगळ्या गाठी तोललेल्या असतात.

माझ्याबरोबर काम करणारा मुलगा बैलहोंगलकडचा. त्याला घाई फार. खडे विरघळून दहा मिनिटंही झाली नसतील, तो कंगवा घेऊन पुढं सरकला. काकूंनी त्याला त्याच्याच भाषेत, कन्नडमध्ये, थांबवलं, "स्वल्प तडीरी." जरा थांबा. तो लाजून मागं सरला. काकूंनी तीस वर्षं शाळेत शिकवलेलं. लेकराएवढ्या मुलालाही त्या आदराचं "री" लावूनच बोलत होत्या, ते मला फार आवडलं.

रात्रभर तसंच ठेवलं. बुधवारी सकाळी कोरड्या सुती फडक्यानं दाबून पाणी टिपलं, घासलं नाही. ओली लोकर घासली की तिचे धागे एकमेकांत अडकून नमदा होतो. मग मोठ्या दातांचा कंगवा घेतला. बरेच जण काटा-चमचा वापरतात. लव कापलेली असेल तर हलक्या हातानं चालतो. पण लवेचे फासे न कापता ठेवलेले असतील, म्हणजे लूपचा गालिचा असेल, तर काट्याचा दात फाशात अडकतो आणि ओळच्या ओळ उसवते. इथं लव कापलेली होती. तरी पस्तीस वर्षांहून जुन्या गाठींवर काटा फिरवायला माझा हात धजला नाही.

विंचरण्याची एक दिशा असते. लवेवरून तळहात फिरवला की एकीकडून गुळगुळीत लागतं आणि उलट फिरवलं की हाताला अडतं. ओली लव आधी उलट दिशेनं, मुळापासून, थोडी थोडी उचलायची. सगळी उभी झाली की शेवटी एकच हलका हात सुलट दिशेनं. काकू शेजारी पाटावर बसून बघत होत्या. अर्ध्या तासानं म्हणाल्या, "लहानपणी आमची आई असंच केस सोडवायची. खालनं वर."

दाभण रोवलं. 4 वर होती ती लव 9 पर्यंत आली होती.

राहिलेल्यासाठी वाफ दिली. सुती फडकं भिजवून घट्ट पिळलं, चार पदरी घडी करून खळग्यावर ठेवलं आणि दोन ठिपक्यांवर लावलेली इस्त्री त्यावर नुसती टेकवली. वजन टाकलं नाही. दहा सेकंदांनी उचलली, फडकं काढलं, वाफ निघत असतानाच बोटांनी लव वर ओढली. असं तीनदा केलं. इस्त्रीवरच्या ठिपक्यांचा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो. एक ठिपका म्हणजे तळ 110 अंश सेल्सियसपर्यंत, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. लोकरीला दोन पुरे. तीन ठिपक्यांवर लोकर करपून पिवळी पडते. फडकं मध्ये हवंच, आणि ते वाळत आलं की पुन्हा भिजवायचं. कोरड्या फडक्यातून वाफ जात नाही, नुसती आच जाते.

दोन्ही खळगे साडेदहा मिलिमीटरवर आले. डोळ्यांनी जागा सापडेना. पायानं चाचपल्यावर मात्र कळत होती.

यानंतरचं वाळवणं हाच आमच्याकडं खरा कठीण भाग आहे. कडक उन्हात गालिचा दोन तासांत कडकडीत वाळतो. बेळगावचा जुलै वेगळा. इथं अंगावरचे कपडे दोन-दोन दिवस सुकत नाहीत, आणि खानापूरकडं त्याहून वाईट. गालिच्याचं ते टोक दोन पाटांवर उचलून धरलं, खालून वारा जाईल असा टेबलफॅन लावला आणि शुक्रवार सकाळपर्यंत तो बंद केला नाही. लव उभी केली आणि ओली असतानाच कुणी तिच्यावर पाय दिला, तर केलेलं सगळं काम जातं. काकूंनी दोन खुर्च्या आडव्या लावून तिथून येण्याजाण्याची वाटच बंद केली.

बाहेरच्या खोलीतला गालिचा

बुधवारी दुपारी काकूंच्या पुतण्यानं हाक मारली. बाहेरच्या खोलीत सोफ्याखाली यंत्रावर विणलेला राखाडी गालिचा होता. दोन वर्षांपूर्वी रविवार पेठेतून आणलेला. सोफा सरकवल्यावर तिथंही सहा खळगे निघाले. आतल्या खोलीत बर्फ ठेवलेला बघून त्यानंही रात्री ट्रे रिकामा केला होता. सकाळी खळगे तसेच, आणि सगळं पाणी खालच्या फरशीवर.

त्या गालिच्याचा धागा काडीवर धरला तर मेणबत्तीसारखा वास आला आणि वितळून टणक मणी झाला. पॉलिप्रॉपिलीन. हा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही. नायलॉन साधारण चार टक्के ओलावा घेतो, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि हा शून्याच्या जवळ. जे आत जातच नाही ते आतून सैल काय करणार? याच्यावर बर्फ ठेवणं म्हणजे छत्रीवर पाणी ओतणं.

पुतण्या इस्त्री तापवायला निघाला होता. मी त्याचा हात धरून थांबवलं आणि माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगितली. अनगोळमध्ये एका घरी असाच गालिचा होता. धागा न तपासता मी फडक्यावरून इस्त्री ठेवली, तीन ठिपक्यांवर. पॉलिप्रॉपिलीन 165 अंशांच्या आसपास वितळतं, आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडून आकार सोडतं. फडकं उचललं तर तळहाताएवढी जागा आरशासारखी चमकत होती. लव उरलीच नव्हती, होता तो प्लास्टिकचा पापुद्रा. त्यावर काही इलाज नसतो. त्या घरच्या बाईंना मी गालिच्याचे पैसे चुकते केले, आणि तेव्हापासून काडीपेटी पिशवीत ठेवल्याशिवाय कामाला निघत नाही.

या धाग्याला ऊब लागते, पण कोमट. केस वाळवायचं यंत्र वीतभर उंचीवर धरलं आणि एका जागी न थांबता गोल फिरवत राहिलो. दुसरा हात खळग्यावरच होता. हाताला सोसत नाही तेवढं गरम धाग्याला द्यायचं नाही, हे माप मी पाळतो. धागा ऊन लागला की यंत्र बाजूला घ्यायचं, बोटांनी लव मुळाशी चोळत उचलायची आणि गार होईपर्यंत तशीच धरून ठेवायची. हे शेवटचं धरून ठेवणं बहुतेक जण सोडून देतात. प्लास्टिक गार होताना ज्या आकारात असेल त्याच आकारात राहतं.

सहापैकी चार खळगे बरेच वर आले. सोफ्याच्या पुढच्या दोन पायांखालचे निम्मेच उचलले गेले. स्वस्त यंत्रगालिच्यांत हा धागा सर्रास वापरतात. दाबल्यावर उसळून वर यायची त्याची ताकद कमी असते, नायलॉनची त्याहून पुष्कळ बरी. पुतण्याला सरळ सांगितलं की हे दोन आता एवढेच. त्यानं सोफा चार बोटं पुढं ओढला, खळगे झाकले गेले. ते योग्यच होतं. तो गालिचा रोजच्या वापराचा आहे, आणखी चार वर्षांनी बदलायचाच.

तिसरा

गुरुवारी गंजाचा खळगा घेतला. घरात कुणीतरी धुण्याचा सोडा आणून ठेवला होता. तो आधी बाहेर ठेवायला लावला. लोकरीला क्षार सोसत नाही. सोडा किंवा तिखट डिटर्जंटनं धागा चरबट आणि ठिसूळ होतो. सौम्य आंबट मात्र ती सहन करते. गालिच्याच्या पाठीवर एका गाठीला लिंबाचा थेंब लावून अर्धा तास वाट पाहिली. रंग हलला नाही. मग कापसाच्या बोळ्यानं रस लावायचा, दहा मिनिटं थांबायचं, गार पाण्याच्या बोळ्यानं टिपायचं. असं तीनदा केलं. डाग पूर्ण गेला असं म्हणणार नाही. तांबड्या रंगात तो मिसळून गेला एवढंच. सायीच्या पट्ट्यावर पडला असता तर दिसलाच असता.

गंज आटोक्यात आल्यावर वाफ दिली. इथं बर्फ वापरला नाही. उरलासुरला गंज पाण्याबरोबर खाली सुती धाग्यांत उतरायला नको होता, आणि पट्टा चारच बोटांवर होता. लव 10 मिलिमीटरवर आली.

चौथा

भिंतीच्या कोपऱ्यातल्या खळग्याला बुधवारी रात्री बर्फ दिला होता, गुरुवारी वाफही दिली. तीनाचे चार झाले नाहीत. पुन्हा वाफ. काही नाही. काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "येत नाही काय रे वर?"

मी गुडघ्यावर बसलो, टॉर्च आडवी धरली, लव दोन बोटांनी फाकवली. दबलेली लव आडवी पडलेली असते, तिची लांबी शाबूत असते. इथं लांबीच नव्हती. धागे मध्येच तुटलेले, उंदरानं कुरतडावेत तसे खालीवर. गाठींच्या मधे वाळूसारखी बारीक कणी, आणि तांदळाच्या कोंड्याएवढी दोन-तीन रिकामी सालं. नखानं ओढलं तर लोकरीचा पुंजका हातात आला.

कसर लागली होती.

लोकर खाते ती अळी. उडणारा पतंग काही खात नाही, फक्त अंडी घालून जातो. अळीला अंधार हवा, दमटपणा हवा आणि कुणी हलवायला नको. ओल्या भिंतीकडची, तिजोरीखालची, अकरा वर्षं झाडू न पोचलेली जागा तिच्यासाठी याहून चांगली असूच शकत नाही. म्हणजे चौथा खळगा हा खळगा नव्हताच. तिथली लोकर नाहीशी झाली होती. नसलेल्या लोकरीला वाफ देऊन काय उभं करणार?

हे काकूंना सांगणं मला जड गेलं. मी सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी दाभण 3 दाखवत होतं, तेव्हाच बघायला हवं होतं, हेही सांगितलं. त्या खाली बसल्या, चष्मा लावून त्या जागेवरून बोट फिरवलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "बाकीच्याला लागली नाही ना?"

तो प्रश्न अगदी बरोबर होता. खळगा राहिला बाजूला, आता सगळा गालिचा तपासायला हवा होता. आम्ही तिघांनी मिळून तो उलटा केला आणि पाठीवरून झाडूच्या दांड्यानं हलके ठोके दिले. खाली पसरलेल्या पांढऱ्या चादरीवर कणी पडली ती त्याच कोपऱ्यातून, दीड वीत जागेतून. दुसरीकडं स्वच्छ. त्या कोपऱ्याला दोन्ही अंगांनी व्हॅक्युमचं तोंड लावलं आणि पिशवी लगेच घराबाहेर नेऊन रिकामी केली. मग कोपऱ्यावर वाफेची आच दर ठिकाणी जास्त वेळ दिली. लव उठवण्यासाठी नव्हे, अंडी-अळ्यांसाठी. तेवढ्या उष्णतेत त्या टिकत नाहीत. तिजोरीतल्या लोकरी शाली, काकांचा लष्करातला स्वेटर, सगळं काढून झटकायला सांगितलं. कसर एका वस्तूवर थांबत नाही. स्वेटरच्या काखेत दोन भोकं निघाली. कडक ऊन मिळालं असतं तर निम्मं काम त्यानंच केलं असतं. ते ऑक्टोबरवर ढकलावं लागलं.

लोकर गेली तिथं नव्या गाठी बसवता येतात. ते रफूगाराचं काम, माझं नव्हे. जुन्या तांबड्याला जुळणारी लोकर शोधायची आणि एकेक गाठ मारायची. दोन दिवसांत होण्यासारखं ते नव्हतं, आणि काकूंनीही मान हलवून नको म्हटलं.

रविवार आणि नंतर

शनिवारी गालिचा पसरायच्या आधी काकूंनी तो फिरवायला सांगितला. डोक्याकडचं टोक पायाकडं. त्यामुळं खाल्लेला कोपरा दमट भिंतीजवळून निघून खिडकीखाली आला, उजेडात, जिथं रोज झाडू फिरतो. पाहुण्यांची बैठक दुसऱ्या टोकाला. जिथं आधी तिजोरी उभी होती तिथं मुलाचे आजोबा मांडी घालून बसले. कुंद्याचे बॉक्स फिरले, नारळ-साखर झाली. त्या दिवशी मला बोलावणं होतं. मी जाऊन जेवून आलो, पण माझं लक्ष खालीच होतं.

तिजोरी आता गालिच्यावर ठेवलेली नाही, आतल्या खोलीत कोबा केलेल्या जमिनीवर गेली. दिवाण मात्र गालिच्यावरच ठेवायचा होता. त्याच्या चार पायांखाली सुताराकडून 10 सेंटीमीटर बाय 10 सेंटीमीटरच्या सागवानी चकत्या करून घेतल्या, कडा गोल घासून. तिजोरीच्या पायांचा तळ 64 होता, या चकत्यांचा मिळून 400 चौरस सेंटीमीटर झाला. तिजोरीच जरी वर ठेवली असती, तरी अडीच किलोचा दाब 0.4 वर आला असता. काकूंना सांगितलं की दर दोन महिन्यांनी दिवाण दोन बोटं सरकवा आणि खाली झाडू घाला. जागा बदलली की दबलेली लव उसंत मिळून वर येते, आणि कसरीला मुक्काम करायला शांत अंधार उरत नाही.

शेजारच्या आजोबांनी जाता जाता नवलगुंदच्या जमखानाची आठवण काढली. त्यांच्या घरी एक आहे, सुती, सपाट विणीचा. त्याला लवच नाही, त्यामुळं खळगा पडायचा प्रश्न नाही. आपल्या बाजूच्या घरांत पिढ्यान् पिढ्या जाजम आणि सतरंज्याच अंथरल्या गेल्या. लवेच्या गालिच्याची निगा कुणी कुणाला शिकवली नाही, त्याचं कारण हेच असावं असं मला वाटतं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन पडल्यावर पुन्हा गेलो. गच्चीवर गालिचा पालथा घातला. पाठ उन्हाकडं, म्हणजे तांबडा रंग विटत नाही. दोन दिवस सकाळी दहा ते चार. ठोकल्यावर चादरीवर कणी पडली नाही. संध्याकाळी खाली आणून दाभण रोवलं. पहिले दोन खळगे 11, तिसरा साडेदहा, चौथा 3.

काकू म्हणाल्या, "पहिले दोन कुठं होते ते दाखव बघू." मी गुडघ्यावर बसून शोधत राहिलो. दाभणाच्या नोंदीसाठी वहीत आखलेला नकाशा काढला, कडेपासून वितीनं अंतर मोजलं आणि तिथं बोट टेकवलं. त्यांनीही तिथंच बोट टेकवलं, मग पूर्ण तळहात ठेवला, आणि पुतण्याच्या बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारली, "अगं, ये की, हात लावून बघ."